मार्सेय, हलक्या खिशाने

मराठी वाचकाला मार्सेय (आपल्या जुन्या पुस्तकांतले मार्सेलिस) ठाऊक असते ते ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून घेतलेल्या उडीमुळे. त्यापुढे ही ओळख सहसा सरकत नाही. वास्तविक साहित्याच्या विद्यार्थ्याला भूमध्य समुद्राकाठचे एकच शहर पाहायचे असेल आणि खिसा हलका असेल, तर त्याने इथेच यावे, असे आमचे मत आहे. नीस आणि कान श्रीमंतांसाठी सजली. मार्सेय हे बंदर आहे, आणि बंदरात उतरणाऱ्या बहुतेकांपाशी पैसा नसतोच.

क्लॉड मकाय यांच्या 'बँजो'मधले (१९२९) कृष्णवर्णी खलाशी धक्क्यावर मिळेल ते काम करतात, मिळेल ते पितात. आना झेगर्स यांच्या 'ट्रान्झिट'मधले निर्वासित १९४०-४१च्या मार्सेयमध्ये व्हिसाची वाट पाहत कॉफीगृहांत बसून असतात. शहरात राहण्याची परवानगी हवी, तर आधी शहर सोडून जाणार असल्याचा पुरावा द्यायचा, असा तिथला न्याय! झेगर्स स्वतःही १९४१ साली याच बंदरातून निघाल्या. ही पुस्तके वाचून आलेल्याला तिकीट काढून पाहण्यासारखे फार थोडे उरते. सँ-शार्ल स्थानकाच्या १०४ पायऱ्या उतराव्या, कानबियेर रस्त्याने जुन्या बंदरापर्यंत चालावे, सँ-जाँ किल्ल्याच्या तटावर फुकट बसावे. मकाय यांची वस्ती मात्र शोधू नये. बंदराकाठचा तो जुना भाग जर्मनांनी १९४३ मध्ये सुरुंग लावून उडवला.

जेवणाचेही तसेच. बुइयाबेस हा मूळचा कोळ्यांचा, न खपलेल्या मासळीचा रस्सा. आज बंदरावर त्याचा भाव ऐकून कोळीच परत फिरेल. त्यापेक्षा लेस्ताकला जाऊन पानिस खावे. हरभऱ्याचे पीठ शिजवून, थिजवून, कापून तळलेले; आपल्या पाटवडीची मावसबहीणच म्हणा.

प्रश्न येतो तो स्वस्त खोलीपाशी. बंदरालगतच्या नोआय भागात बाजार आहे, गजबज आहे, आणि 'खरे मार्सेय' पाहिल्याचे समाधानही. याच भागातल्या ऑबान्य रस्त्यावर ५ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन जुन्या इमारती कोसळून आठ माणसे दगावली. पुढे शहरभरातल्या धोकादायक इमारतींतून हजारो रहिवाशांना बाहेर काढावे लागले. ज्या पडक्या भिंतींत आपल्याला वातावरण दिसते, त्यांच्याखाली कोणीतरी भाडे भरून झोपत होते. परतीचे तिकीट खिशात असलेल्याने अशा वस्तीतल्या चार रात्रींना दारिद्र्याचा अनुभव म्हणावे, हे आम्हाला पटत नाही. 'ट्रान्झिट' शिकवतानाही आपण अस्तित्ववादी प्रतीक्षेविषयी तासभर बोलतो आणि हॉटेलची खोली, पोलिसांची धाड, शिक्क्यांची मुदत दोन वाक्यांत उरकतो. कादंबरी उभी आहे ती मात्र त्यांच्यावरच.

पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलेली सदनिका ही कोणा रहिवाशाला न मिळालेली सदनिका असते. तेव्हा एखादे साधे हॉटेल वा वसतिगृह घ्यावे. चार युरो जास्त पडतील. ते पानिस खाऊन वाचवता येतात.