मथळ्यातील टक्के आणि ताटातील भाकरी

आहारविषयक संशोधन आणि त्याची बातमी यांत किती अंतर पडते, याचा प्रत्यय मार्च 2024 मध्ये आला. दिवसाचे सर्व खाणे आठ तासांच्या आत उरकणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 91 टक्क्यांनी अधिक असतो, असे मथळे तेव्हा जगभर झळकले. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विवेचनातून आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांतून दोन वेळाच जेवण्याची पद्धती ज्या महाराष्ट्रात गावोगावी पोहोचली, तेथे या मथळ्याने पथ्य पाळणाऱ्याला धडकी भरवावी आणि न पाळणाऱ्याला आयते समर्थन पुरवावे, हे स्वाभाविकच होते.

मुळात या मथळ्यांमागे होता तो अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिकागो येथील परिषदेत मांडलेला गोषवारा, म्हणजे इतर तज्ज्ञांनी बारकाईने तपासून नियतकालिकात छापण्यापूर्वीची प्राथमिक मांडणी. सुमारे 20 हजार अमेरिकी प्रौढांना आदल्या दिवशी काय व केव्हा खाल्ले हे दोनदा विचारण्यात आले आणि त्या दोन दिवसांच्या उत्तरांवरून पुढील अनेक वर्षांची सवय गृहीत धरण्यात आली. आठ तासांपेक्षा कमी वेळात खाणाऱ्यांच्या गटात अवघे 414 जण होते. अशा अभ्यासाला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात: संशोधक कोणाला काही खायला लावत नाही किंवा सोडायला सांगत नाही, केवळ नोंद ठेवतो; त्यामुळे दोन गोष्टी एकत्र आढळल्या तरी एकीमुळे दुसरी घडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. एखादा माणूस मुद्दाम व्रत म्हणून कमी वेळा जेवतो की आजारपण, पाळीची नोकरी किंवा दारिद्र्य यांमुळे, हे अशा नोंदीतून उलगडत नाही. 2025 मध्ये हा अभ्यास सविस्तर प्रसिद्ध झाला, तेव्हा हृदयविकाराच्या मृत्यूंशी असलेला संबंध कायम राहिला, मात्र सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंशी ठोस संबंध दिसला नाही. म्हणजे तो केराच्या टोपलीत टाकण्याजोगा नाही, पण छातीठोक सल्ला देण्याजोगाही नाही.

टक्केवारीचा घोळ तर याहून मोठा आहे. 91 टक्के ही सापेक्ष जोखीम आहे, म्हणजे एका गटाची दुसऱ्या गटाशी केलेली तुलना. मूळ धोका किती हे त्यातून कळत नाही. समजा, एखाद्या वयोगटात हजारांमागे 10 जणांचा मृत्यू होत असेल, तर 91 टक्क्यांच्या वाढीने तो आकडा सुमारे 19 होतो. ही वाढ क्षुल्लक नव्हे, पण मथळा वाचून मनात उभे राहणारे चित्र वेगळेच असते. दुसरे असे की दीक्षित पद्धतीचा आग्रह जेवणाच्या वेळांच्या संख्येवर आहे: कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवावे. ही पद्धती पाळणाऱ्यांचा अभ्यास शिकागोत मांडलाच गेला नव्हता, त्यामुळे त्या बातमीने तिचे खंडन झाले असे म्हणणे जितके चूक, तितकेच तिच्या प्रत्येक दाव्याला शास्त्राची मोहोर उमटली असे समजणेही चूक. खरा धोका निराळाच आहे: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडल्या, तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि ही सूचना मथळ्यात क्वचितच मावते.

जेवणाच्या वेळा निवडण्याची मुभाच नसलेलेही अनेक आहेत. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांवर जातात. पहाटे थापलेली भाकरी दुपारी फडातच खायची आणि पुढचे जेवण थेट कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, परतल्यावर, असा दिनक्रम ज्यांना कामाने लादला आहे, त्यांच्यासाठी उपवासाचे लाभ-तोटे हा चर्चेचा विषयच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा कोणत्याही परदेशी गोषवाऱ्याहून बीडच्या वाचकाशी अधिक जवळचा आहे, तरी मथळ्याचे भाग्य त्याला सहसा लाभत नाही.

ज्वारीबाबतचा गवगवाही याच कसोटीला लावला पाहिजे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने 2021 मध्ये जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ज्वारीसारखी भरडधान्ये नियमित खाणाऱ्या मधुमेहींची रक्तशर्करा 12 ते 15 टक्क्यांनी कमी आढळली. या धान्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो याचे मोजमाप, सरासरी 52.7 होता. ज्वारी-बाजरी ही या संस्थेच्या संशोधनाच्या मुख्य पिकांपैकी आहेत, हे ध्यानात ठेवावे, पण तेवढ्यावरून निष्कर्ष फेटाळू नये. महत्त्वाचे इतकेच की निर्देशांकाची तुलना पॉलिश केलेला तांदूळ आणि मैद्यासारखा परिष्कृत गहू यांच्याशी होती. रेशनचा भात तितकाच ठेवून वर एक भाकरी वाढवल्याने काय होते, याचे उत्तर त्या अभ्यासाने शोधलेलेच नाही.