प्रतीककोशाची सोय

जपानी ॲनिमेशनपटांच्या भित्तिपत्रकांचे विवेचन करताना समीक्षक बहुधा एक तयार कोश उघडून बसतो: चेरीचा बहर म्हणजे क्षणभंगुरता, काजवा म्हणजे मृतात्मा, रिकामे आकाश म्हणजे झेन शून्यता. प्रतीकांचे असे भाषांतर झाले की चित्राचे वाचन संपले, असे गृहीत धरले जाते. ही रीत चित्रातला इतिहास पुसून टाकते, असा माझा आक्षेप आहे.

इसाओ ताकाहाता यांच्या ‘होतारू नो हाका’ (१९८८) या चित्रपटाचे भित्तिपत्रक पाहावे. काळोखात प्रकाशबिंदूंनी वेढलेले भाऊ-बहीण. कोशानुसार हे काजवे, म्हणून आत्मे. परंतु वरचा काळोख उजळून पाहिला की तेथे बी-२९ विमानाची आकृती दिसते. २०१८ मध्ये जपानमध्ये याची बरीच चर्चा झाली. मग यांतले काजवे कोणते आणि वरून झरणारी आग कोणती?

यावर असे म्हणता येईल, की जे विमान तीस वर्षे बहुतेकांना दिसलेच नाही, ते अर्थाचा घटक कसे ठरणार? उत्तर शीर्षकातच आहे. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेपासून चालत आलेल्या या शीर्षकात ‘होतारू’ हा शब्द काजव्याच्या रूढ चिन्हाने लिहिलेला नाही. तो ‘आग’ आणि ‘खाली ओघळणे’ या अर्थांच्या चिन्हांनी लिहिला आहे. ही अक्षरे तर प्रत्येक जपानी वाचकासमोर होती. विमान त्यांना केवळ दुजोरा देते.

काजवा आणि मृतात्मा यांचा परंपरागत संबंध खोटा नाही. मात्र तेवढ्यावर थांबणे म्हणजे १९४५ च्या कोबेवरील बॉम्बवर्षावाला ऋतुचक्रात जमा करणे होय. काजवा निसर्गक्रमाने विझतो. सेत्सुको उपासमारीने मरते. पहिल्या घटनेला कोणी जबाबदार नसते, दुसरीला असते. ‘क्षणभंगुरता’ हा शब्द नेमका हाच भेद बुजवतो.

त्याच दिवशी प्रदर्शित झालेल्या मियाझाकींच्या ‘तोतोरो’च्या भित्तिपत्रकावर बसथांब्यापाशी उभी असलेली मुलगी तर चित्रपटात कोठेच नाही. मूळ कल्पनेतल्या एका मुलीच्या पुढे दोन बहिणी झाल्या. भित्तिपत्रकावर मात्र दोघींची लक्षणे एकीतच राहिली. हिचा अर्थ कोणत्या कोशात शोधायचा?

‘जपानी मन’ नावाचे सोयीचे अमूर्त बाजूला ठेवून लिपी, निर्मितिप्रक्रिया आणि काळ यांच्याकडे पाहिल्याखेरीज या चित्रांची समीक्षा सुरूच होत नाही.