किल्ली दिली, शिकवणार कोण?

ब्रिटनमध्ये विद्यार्थी क्लबची १६ प्रवाशांची मिनीबस स्वयंसेवक म्हणून चालवायला कायदा काय मागतो? वय २१, कारचा परवाना घेऊन २ वर्षं झालेली आणि गाडी साडेतीन टनांच्या आत. मिनीबसची वेगळी परीक्षा नाहीच! म्हणजे छोट्या कारवर शिकलेला मुलगा दिवसभर डोंगर चढून, रात्री अख्खा क्लब मागे बसवून परत निघणार. ‘मिडास’सारखं प्रशिक्षण आहे, पण कायद्याने सक्तीचं नाही. क्लब म्हणतात, सक्ती केली तर चालक मिळणार नाहीत. मग सहल रद्द करा! सेवा फुकट म्हणून जीव स्वस्त होत नाहीत. इथे शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनो, प्रशिक्षण आणि सोबत दुसरा चालक मिळाल्याशिवाय किल्लीला हात लावू नका.