अवघड नको, आपलं वाजवा!

नोटीस बोर्डावर 'युवारंग'ची सूचना लागली की कॉलेजच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास येतो, 'काय भो, यंदा काय वाजवतोस?' नाटकवाले, मूकनाट्यवाले, समूहगीतवाले टोळीनं असतात. त्यांचं ठरतंही टोळीनं आणि चुकतंही टोळीनं. एकल वादन करणारा मात्र एकटा असतो. त्यातही ज्याला वाद्य हातात घेऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालीत, त्याची अवस्था तर विचारूच नका. कॉलेजची निवड चाचणी चार दिवसांवर आलेली असते. गडी रात्री यूट्यूब उघडतो, ज्या व्हिडिओत बोटं सगळ्यात वेगानं पळताहेत तो निवडतो आणि चार दिवस त्याच्यामागे धावतो. चाचणीत तिसऱ्या मिनिटाला ताल सुटतो. वाईट पुढेच होतं. पुढच्या वर्षी तो नाव देत नाही, आणि वाद्य कपाटावर जातं.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी कपाटावर गेलेली वाद्यं तुमच्याही ओळखीत एखाद-दुसरी असतील. म्हणून आज दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत. एक तुम्हाला: नवे असाल तर आपल्या ऐपतीपेक्षा एक पायरी खालचं निवडा. दुसरी कॉलेजांना: तसं निवडता येईल एवढा वेळ मुलांना द्या.

आधी हे बघू की परीक्षक ऐकतात काय. राष्ट्रीय आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाचे नियम भारतीय विद्यापीठ संघ ठरवतो. त्यात शास्त्रीय एकल वादनाला जास्तीत जास्त १५ मिनिटं मिळतात, मांडामांडीला ५ मिनिटं. स्वरवाद्यासाठी गुण कशाला? स्वर, ताल, रागाची निवड, रचना आणि एकूण परिणाम. ही यादी नीट वाचा. 'वेग' हा शब्द त्यात कुठंच नाही. 'निवड' मात्र आहे. म्हणजे तुम्ही काय वाजवायचं ठरवलं, यालाच मुळात गुण आहेत! आपल्या विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत वेळ कमी-जास्त असू शकते, ती सांस्कृतिक विभागाच्या सरांकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. मित्रानं सांगितलेल्या नियमावर जाऊ नका.

हा पेच फक्त खान्देशातल्या पोरापोरींचा आहे असंही नाही. चेलो हे वाद्य तुम्ही सिनेमाच्या पार्श्वसंगीतात नक्की ऐकलंय, नाव माहीत नसेल एवढंच. व्हायोलिनच्याच कुळातलं, पण बरंच मोठं. खुर्चीवर बसून गुडघ्यांच्या मध्ये धरून गजानं वाजवतात, आणि त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या फार जवळ जातो. चेलो शिकणारी मुलं वाद्यवृंदाच्या ऑडिशनला जातात तेव्हा त्यांच्यापुढंही हाच मोह असतो. एल्गारचा १९१९चा चेलो कन्चेर्टो सगळ्यांना खुणावतो, कारण तो वाजवला की आपण 'मोठे' वाटतो. पण नव्या हातानं तो घेतला, की परीक्षकांना पहिल्या ओळीतच कळतं की वस्तू पेलवत नाहीये. त्यापेक्षा सें-साँसची १८८६ची 'द स्वान' ही रचना बघा. जेमतेम तीन मिनिटांची, संथ, कुठंही धावपळ नाही. मात्र चेलोला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो, आणि संथ रचनेत तो लपवायला जागा नसते. वरवर सोपी वाटणारी ही रचना म्हणूनच वादकाचं सगळं सांगून टाकते. ती स्वच्छ वाजली तर त्या पोराचा कान तयार आहे, हे कुणालाही कळतं.

पाब्लो कासाल्सची गोष्ट तर प्रत्येक नव्या वादकानं ऐकावी. १८९० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, त्याला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात बाखच्या चेलो सुइट्सची प्रत सापडली. तोवर त्या रचनांकडे बहुतेकांनी सरावाचे धडे म्हणूनच बघितलं होतं. कासाल्सनं त्या सुमारे १२ वर्षं घरी घोटल्या आणि मगच त्यातली एक सबंध मैफलीत वाजवली. तुम्ही १२ वर्षं थांबा असं कुणी म्हणत नाही. पण पचलेलं नसताना मंचावर न्यायचं नाही, एवढं त्याच्याकडून घेता येईल.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं. अमेरिकेतून आलेल्या नॅन्सी लेश-कुलकर्णी रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवू लागल्या. चेलोचा लांब, खोल सूर आणि ध्रुपदाचा संथ आलाप यांचं जमतं. वाद्याला काय शोभतं हे ओळखणं म्हणजे निम्मी निवड झाली.

आता आपल्या हातातल्या वाद्यांकडे येऊ. पेटीचे सूर पट्ट्यांत बांधलेले असतात, त्यामुळं सुरेलपणाचं श्रेय तुम्हाला फारसं मिळणार नाही. तिथं भात्यावरचा ताबा, बोटांची सफाई आणि लय दिसली पाहिजे. मध्यलयीतली नीट बांधलेली गत घ्या. बासरी आणि व्हायोलिनवर उलट आहे, तिथं सूर तुम्हीच घडवता. पाच मिनिटांचा स्थिर आलाप आणि छोटी गत पुरेशी. तबलावाल्यांनी पाच घराण्यांची पाच नमुनेदार तुकड्यांची भेळ करू नये. तीनतालातला एक कायदा, त्याचे मोजके पलटे, एक तिहाई, आणि प्रत्येक बोल सुटा व स्वच्छ. एवढं जमलं तर मागच्या रांगेतला माणूसही मान डोलावतो.

रागाच्या निवडीत घड्याळही बघा. प्राथमिक फेऱ्या बहुधा दिवसा असतात. सकाळी साडेअकराला यमन वाजवलात म्हणून कुणी खाली उतरवणार नाही, पण रागनिवडीला गुण आहेत हे विसरू नका. दुपारकडं कलणाऱ्या वेळेला वृंदावनी सारंग किंवा नंतर भीमपलास घेतलात, तर तुम्ही विचार केलाय हे न सांगता कळतं. 'भूप सोपा, पाचच सूर' हाही एक गैरसमज. म आणि नी नसलेले तेच पाच सूर देसकारातही आहेत. जरा चाल बदलली की भूपाचा देसकार होतो. पाच सुरांतला राग घ्यायचाच असेल तर जो गुरुजींकडे सगळ्यात जास्त दिवस घोटलाय तोच घ्या. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिकेला जो राग पक्का केलात तो 'बाळबोध' म्हणून टाकून देऊ नका. तो तुमच्या हाताला ठाऊक आहे, हीच त्याची किंमत.

हवेचाही हिशेब ठेवा. आपल्या उन्हात तारा उतरतात आणि बासरी चढते. थंडीच्या सकाळी बासरी उतरलेली असते. मांडणीची पाच मिनिटं फोटोत घालवू नका, जुळवण्यात घालवा.

ठरवलेली रचना बरोबर आहे का, हे तपासायला तीन कसोट्या आहेत. पहिली: सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, एकदाच वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. परीक्षक तुमचा दहावा प्रयत्न ऐकणार नाहीत, ते हाच ऐकणार आहेत. दुसरी: ॲपवरच्या तालाबरोबर नव्हे, जिवंत तबलजीबरोबर वाजवा. ॲप तुमच्याकडे बघत नाही, माणूस बघतो. त्याच्या नजरेसमोर सम गाठता आली तर मंचावरही गाठता येते. तिसरी: चुकल्यावर कुठून परत यायचं हे ठरलंय का? मुखडा पकडून पुन्हा समेवर येता येत असेल, तर ती रचना तुमची झाली. येत नसेल, तर पायरी उतरा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: 'सोपं वाजवलं तर निवड होईल का? बाकीचे झाला उडवतील ना!' खरंय, कधीकधी टाळ्या वेगाला पडतात. एखाद्या वर्षी तुमची निवड होणारही नाही. पण स्वच्छ वाजवून न निवडला गेलेला मुलगा पुढच्या वर्षी त्याच वाद्यासकट परत येतो. कोसळून न निवडला गेलेला बहुधा येत नाही. शिकणाऱ्यासाठी हा फरक ट्रॉफीपेक्षा मोठा आहे.

आणि आता कॉलेजांसाठी. चार दिवस आधी नोटीस, स्टाफरूममध्ये दोन मिनिटं वादन, 'बस, कळलं' आणि पुढचा. अशा घाईत मुलं चमकदार तेच उचलणार, त्यांचा दोष काय? निवड चाचणीची तारीख किमान महिनाभर आधी लावा. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं द्या. तबल्याची साथ द्या. साथीदार कॉलेजात नसेल तर गावातल्या एखाद्या संगीत शिक्षकांना बोलवा, साक्री असो की चोपडा, असे शिक्षक सापडतात. ज्याची निवड झाली नाही त्याला कारण सांगा, एका वाक्यात का होईना. यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळा निधी लागत नाही, लागते ती थोडी आस्था.

जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. धुळ्याहून एसटीनं यायला फार तर एक दिवस मोडेल. तिथं मोठे कलाकार पहिली दहा मिनिटं काय करतात ते बघा. मोठमोठे लोकही मंचावर आल्याआल्या पळत सुटत नाहीत. एकेक सूर लावत, श्रोत्यांना बरोबर घेत पुढं जातात.

तेव्हा नोटीस लागायची वाट बघू नका. तुम्हाला येणाऱ्या रचनांची आजच यादी करा, तीन-चार निघतील. त्यातली उद्या सकाळी पहिल्याच दमात जी स्वच्छ वाजेल तिच्यावर खूण करा, आणि ती गुरुजींना ऐकवा. पुढं कट्ट्यावर कुणी 'काय वाजवतोस?' विचारलं तर तुमच्याकडे उत्तर तयार असेल.