नेमोची अर्धी गोष्ट

पाणबुडीवाला कॅप्टन नेमो मुलांना ठाऊक असतो. तो कुठला, असं वर्गात विचारलं की उत्तर येतं, "कुणीतरी गोरा." दोष मुलांचा नाही. ज्यूल्स व्हर्नने नेमोला दोन कादंबऱ्यांत आणलं. आपण त्यांच्या हाती एकच देतो.

१८७० साली पूर्ण झालेल्या पहिल्या कादंबरीत नेमोचा देश कळत नाही. व्हर्नच्या मनात रशियाचा वैरी असलेला पोलिश सरदार होता. प्रकाशकाने ते होऊ दिलं नाही. १८७५ च्या 'मिस्टिरिअस आयलंड'मध्ये मरणाच्या दारात नेमो स्वतःची ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा प्रिन्स डक्कार, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७ च्या लढ्यात उतरलेला.

काही जण म्हणतात, दोन्ही पुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत, मग दुसरा नेमो कशाला मानायचा? तारखा खरंच जुळत नाहीत. पहिल्यात तो १८६७-६८ मध्ये समुद्रात फिरतो. दुसऱ्यात १८६८ च्या ऑक्टोबरात म्हातारा होऊन मरतो आणि ती सफर कित्येक वर्षं जुनी झालेली असते. पण पात्राचं सातत्य पंचांगात नसतं, त्याच्या दुःखात असतं. साम्राज्याच्या जहाजांवर हा माणूस एवढा का चिडतो, याचं उत्तर दुसऱ्याच पुस्तकात मिळतं.

कात्री पहिल्यांदा इंग्रजांनी चालवली. त्यांच्या गाजलेल्या जुन्या अनुवादात नेमोच्या ब्रिटिशविरोधी कहाणीचा सूरच बदलला. त्यांना कारण होतं. आपल्याला कोणतं आहे? टिपूचं नाव आलं की वाद होतो, हेच ना?

आपल्या लोकांनाही एक सांगायचंय. नेमोला मुसलमान ठरवून मिरवू नका. कादंबरी तसं म्हणत नाही आणि ही वंशावळ व्हर्नच्या कल्पनेतली आहे. ती कल्पना म्हणूनच वाचू या. तिच्यात बुंदेलखंड आणि श्रीरंगपट्टण एका घरात नांदतात, हे काय कमी आहे?

व्हर्नची १८८० ची 'स्टीम हाउस' तर औरंगाबादेतच सुरू होते. ६ मार्च १८६७ ची संध्याकाळ, नानासाहेबांवर दोन हजार पौंडांचं इनाम लावणारी नोटीस, मग वेरूळची लेणी. तिथे नानासाहेब खलनायक आहेत. तेही मुलांना वाचू द्या, भांडू द्या. लासूर स्टेशनच्या पोरांना वेरूळ घराजवळचं. त्यांना हे माहीतच नसावं?

अनुवादकांनो, पुस्तक छोटं करा, हरकत नाही. माणूस छोटा करू नका.