बालकांचा इसब आणि मलमांचा बाजार

मार्गशीर्ष-पौषात निफाडचा पारा उतरला की त्याची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवितात आणि संभाव्य नुकसानीचे हिशेब मांडले जातात. याच कोरड्या थंडीचा आणखी एक परिणाम मात्र कोणत्याही पानावर उमटत नाही. तान्ह्या मुलांच्या गालांवर, चालत्या-बोलत्या मुलांच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या खोबणीत लाल, खरखरीत, खाजरे चट्टे उठतात. मूल रात्रभर खाजवते आणि आई रात्रभर जागते. मराठीत या विकाराला ‘इसब’ म्हणतात. नाशिक शहर असो वा जिल्ह्यातील खेडे, अशा वेळी घरातील वडीलधाऱ्याची पावले बहुधा दवाखान्याआधी औषधाच्या दुकानाकडे वळतात. तेथून एक लहानशी नळी येते. चार-आठ दिवसांत चट्टा नाहीसा होतो आणि महिना उलटण्यापूर्वी अधिक जोमाने परततो. पुन्हा दुकान, पुन्हा नळी. हे चक्र केवळ अज्ञानातून चालते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यामागे किमतीचे, करांचे आणि सरकारी याद्यांचे एक अर्थकारण आहे.

प्रथम या विकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. इसब संसर्गजन्य नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि आईने बाळंतपणात काय खाल्ले याच्याशीही त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही. तथापि कित्येक घरांत पहिला दोष सुनेच्याच पदरी पडतो. निरोगी त्वचा ही शरीराभोवतीची भिंत असते. ती आतील ओलावा धरून ठेवते आणि बाहेरील त्रासदायक द्रव्यांना अटकाव करते. इसब असलेल्या मुलांत ही भिंत मुळातच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा या विकाराशी असलेला संबंध २००६ साली उजेडात आला आणि या समजुतीस बळकटी मिळाली. बहुसंख्य मुलांत विकाराची सुरुवात वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच होते. पुष्कळांत तो वाढत्या वयाबरोबर ओसरतो. तोपर्यंत प्रश्न तो बरा करण्याचा नसून आटोक्यात ठेवण्याचा असतो.

हा श्रीमंत देशांचा रोग आहे, असा एक समज आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत इसबाचे सर्वांत कमी प्रमाण, ०.९ टक्के, भारतातील एका केंद्रात आढळले होते आणि सर्वांत अधिक, २२.५ टक्के, इक्वेडोरमध्ये. परंतु टक्केवारीने दिलासा मिळतो, तो फसवा असतो. ०.९ टक्के म्हणजेही दर लाख मुलांमागे नऊशे मुले होत. आणि बालकांची संख्या कोट्यवधींत मोजणाऱ्या देशात नीचांकी प्रमाणाचा गुणाकारही मोठाच येतो.

उपाय साधा, पण सातत्याचा

या विकाराच्या व्यवस्थापनात गूढ असे काही नाही. आंघोळ कोमट पाण्याने व थोडक्यात उरकावी. डाळीचे पीठ किंवा उटणे लावून अंग खसखसून चोळण्याची आपल्याकडील रीत निरोगी बाळाला कदाचित सोसत असेल. इसब असलेल्या त्वचेवर ती जखमेवर मीठ चोळण्यासारखीच आहे. अंग टिपून घेतल्यावर काही मिनिटांतच, त्वचा ओलसर असताना, ओलावा धरून ठेवणारे साधे, सुगंधरहित मलम सढळ हाताने लावावे आणि दिवसातून किमान दोनदा लावावे. चट्टे उसळले असता डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य स्टेरॉइड मलम ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या दिवसांपुरते वापरावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते, हे मापही कोणास शिकता येण्याजोगे आहे.

येथे दोन टोके टाळावयास हवीत. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनचा त्वचेवरील उपयोग सिद्ध झाल्यापासून स्टेरॉइड मलमांनी असंख्य रुग्णांना आराम दिला आहे. तेव्हा त्यांना विष समजून मुलाला तळमळत ठेवणे हाही अन्यायच होय. दुसरे टोक पथ्याचे. इसब दिसताच दूध, अंडी, शेंगदाणे बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तपासणीविना असे पथ्य लादल्याने रोग क्वचितच हटतो. मुलाच्या ताटातील प्रथिने मात्र निश्चित हटतात. पेठ-सुरगाण्यासारख्या तालुक्यांत, जेथे ताट आधीच अपुरे असते, तेथे हा सल्ला घातकच म्हटला पाहिजे.

घरगुती तेलांबाबतही तारतम्य हवे. फिलिपीन्समध्ये इसबाच्या ११७ बालरुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मोहरीचे तेल मात्र त्वचेच्या भिंतीस अपाय करते, असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय निरोगी तान्ह्यांना रोज मलम लावल्याने पुढे इसब टळतो, ही आशा इंग्लंडमधील सुमारे चौदाशे बालकांच्या अभ्यासात २०२० साली फोल ठरली. म्हणजे मलम हे प्रत्येक बाळाला टोचावयाच्या लसीसारखे नव्हे. ज्याला विकार आहे त्याच्यासाठी ते रोजच्या भाकरीसारखे आहे.

नळी स्वस्त, निगा महाग

नेमकी हीच भाकरी गरिबाला परवडत नाही. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅमहून अधिक मलम लागते. याउलट स्टेरॉइडमिश्रित मलमाची नळी पंधरा-वीस ग्रॅमची असते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच गुण दाखविते. द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणारी किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीने राबणारी व्यक्ती या दोहोंतून नळी निवडते, तेव्हा ती अविचाराने वागते असे म्हणता येत नाही. रात्रीची झोप आणि उद्याची मजुरी यांचा हिशेब करूनच ती निवड होते. त्या निवडीची खरी किंमत मात्र पुढे मुलाच्या त्वचेला मोजावी लागते.

या नळ्यांपैकी अनेकींत जहाल स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची एकत्र मोट बांधलेली असते. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, तीवर कायमचे वळ उठतात आणि औषध थांबविताच रोग उसळतो. लहान मुलांत वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने औषध शरीरात जास्त शोषले जाते. लंगोटाखाली तर अधिकच. चट्टा इसबाचा नसून गजकर्णाचा असेल, तर स्टेरॉइडाने लाली मावळते आणि बुरशी आतून पसरते. खरजेलाही इसब समजले की एकामागून एक सारे घर खाजवू लागते. रोगी काय विकत घेतो आहे हे त्याच्यापेक्षा विकणाऱ्यास अधिक ठाऊक असते, म्हणून वैद्यकसेवेला सामान्य बाजाराचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली मांडले होते. मलमाची नळी हे त्या सिद्धांताचे घरोघरचे उदाहरण होय.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ औषधमिश्रणांवर बंदी घातली. त्यांत त्वचेच्या मलमांचाही समावेश होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे ‘एच’ परिशिष्टाच्या कक्षेत आणली गेली, म्हणजेच चिठ्ठीविना त्यांची विक्री बेकायदा ठरली. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी केलेला पाठपुरावा उल्लेखनीय आहे. परंतु कायदा राजपत्रात असतो आणि विक्री गल्ल्यावर होते. या दोहोंमधील अंतर अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीनेच मिटू शकते.

यादीतून वगळलेले मलम

याहून मोठी विसंगती अन्यत्र आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये नाशिकच्या शेजारच्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात तपासावयाच्या ३० विकारांमध्ये खरूज व बुरशीजन्य रोगांबरोबर इसबाचाही नावानिशी उल्लेख आहे. दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता व परिचारिका यांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावी, अशी ही योजना आहे. म्हणजे रोग ओळखण्याची यंत्रणा आदिवासी पाड्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज झालेली आहे. पण ओळख पटल्यावर आईच्या हाती काय द्यावयाचे? सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २६ औषधे वगळण्यात आली. त्यांत पांढरे पेट्रोलॅटम, म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, हे एक होते. स्टेरॉइडाचे मलम यादीत राहिले.

करांचे चित्रही असेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. त्याच दिवशी अंगाला लावावयाच्या टाल्कम पावडरीवरील करही १८ वरून ५ टक्के झाला. त्वचेचा ओलावा राखणारी मलमे मात्र औषध म्हणून गणली जात नाहीत तोवर प्रसाधनांत मोडतात आणि १८ टक्के कर भरतात. त्वचा कोरडी करणारी पावडर स्वस्त आणि ओलावा राखणारे मलम महाग, असा हा न्याय झाला!

क्षयरोग, कुपोषण, सर्पदंश यांनी गांजलेल्या जिल्ह्यात इसबासारख्या क्षुल्लक दुखण्यावर पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तथापि येथे नवे रुग्णालय वा नवे पद मागितलेले नाही. पथक गावात येतेच. त्याच्या पेटीत आणखी एक डबा ठेवावयाचा आहे. खाजवून फुटलेल्या त्वचेत जंतू शिरले तर पुढील उपचारांचा खर्च या डब्याहून कितीतरी अधिक येतो. पेट्रोलियम जेली मुळात स्वस्त असल्याने ती यादीत हवीच कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर असे की, जी वस्तू स्वस्त व जुनी असते तिची भलामण करण्यास कोणी विक्रेता पुढे येत नाही. बाजार जिची जाहिरात करणार नाही, तिचा पुरवठा शासनालाच करावा लागतो.

नाशिकमध्ये याचा प्रारंभ होण्यास सर्व अनुकूलता आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे. एकाच जिल्ह्यात औद्योगिक वसाहती, बागाईत आणि आदिवासी पाडे आहेत. जिल्हा पातळीवर साध्या मलमाची खरेदी करून ते बाल स्वास्थ्य पथकांमार्फत द्यावे, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांस इसब, खरूज आणि गजकर्ण यांतील फरक शिकवावा, दुकानांतील चिठ्ठीची तपासणी थंडीच्या महिन्यांत कसोशीने व्हावी आणि केंद्राने यादी व कर या दोन्ही चुका दुरुस्त कराव्यात, एवढीच ही मागणी आहे. थंडीत द्राक्षमण्याला तडा जाऊ नये म्हणून जो जिल्हा पहाटे जागतो, त्याला आपल्या लेकरांच्या कातडीला पडणाऱ्या भेगांचीही तितकीच काळजी वाहता आली पाहिजे.