सूर ऐकले, शब्द कोण ऐकणार?

लग्नसराई आली की आपल्या धर्मग्रामांतून एक तक्रार ठरल्याप्रमाणे ऐकू येते. मांडवात वाजणारी गाणी अश्लील झाली, तरुण पिढी बिघडली, पूर्वी असे नव्हते! ही तक्रार निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. स्त्रीच्या देहाला बाजारातील वस्तू ठरविणाऱ्या गाण्यावर आजीपासून नातीपर्यंत सारे घर ठेका धरते, तेव्हा त्या गाण्यात म्हटले आहे तरी काय, हे कोणाच्या कानी पडत असेल का, असा प्रश्न पडतोच. परंतु तोच प्रश्न आम्हांला मांडवातून उचलून ख्रिस्तमंदिरात, वेदीसमोर आणावयाचा आहे. दर रविवारी आपण जे गातो, त्याचा अर्थ आपल्या कानी पडतो काय?

हा प्रश्न आजचा नाही. संत अगस्तीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात त्याची प्रांजळ चर्चा केली आहे. गाण्यातील आशयापेक्षा गाण्याचा सूरच आपल्याला अधिक हलवून जातो, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, असे ते मानतात. आणि तरीही भक्ती जागविण्याचे गाण्याचे सामर्थ्य ते नाकारीत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात पवित्र संगीताचा विचार केला, तेव्हा शब्दांशी एकरूप झालेले गीत हा उपासनेचा अविभाज्य घटक मानला आणि भक्तिगीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनेच्या स्रोतांतून घ्यावेत, असे सांगितले. लोकभाषेची दारे उघडली ती लोकांना अर्थ कळावा म्हणून. आपल्या मराठीपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ सालीच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध करून हे द्वार किलकिले केले होते. लॅटिनमध्ये शब्द कळत नव्हते, म्हणून निदान सबब तरी होती. आता शब्द आपल्या मायबोलीत आहेत. मग अर्थ का हरवला?

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पवित्र मरियेचे स्तोत्र. ल्यूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, एलिझाबेथच्या घरी, ते मरियेच्या मुखातून येते. ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेत ते रोज म्हटले जाते. जगात इतक्या सातत्याने गायिले गेलेले दुसरे गीत क्वचितच सापडेल! पण त्याची चाल मनात घोळवीत घरी परतणाऱ्या दहाजणांना विचारून पाहावे की, ते स्तोत्र कशाविषयी आहे? मरियेच्या नम्रतेविषयी, तिच्या आज्ञाधारकपणाविषयी, असे उत्तर बहुधा मिळेल.

स्तोत्रात मात्र याहून कितीतरी अधिक आहे. आरंभी स्तुती आणि आनंद आहे, हे खरे. त्यानंतर मरिया देवाच्या कृत्यांचा पाढा वाचते. गर्विष्ठांची दाणादाण झाली, सत्ताधारी आसनांवरून खाली आले, दीनांना वर उचलण्यात आले, भुकेल्यांची पोटे भरली आणि श्रीमंतांना रित्या हाती परत जावे लागले! ती हे सारे ‘होवो’ म्हणून मागत नाही, ‘झाले आहे’ म्हणून सांगते. गालिलातील एका खेड्यातली ही तरुणी हेरोदाच्या राज्यात हे गात आहे, याचा विसर पडता कामा नये. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात हन्नेचे गीत आहे. वांझ म्हणून हिणविल्या गेलेल्या त्या स्त्रीच्या गीताचा प्रतिध्वनी मरियेच्या शब्दांत ऐकू येतो. म्हणजे अपमानित स्त्रियांच्या कंठातून कंठात गेलेले हे गाणे आहे.

एका शब्दाचेच पाहा. देवाने आपल्या दासीची जी स्थिती पाहिली, तिला मूळ ग्रीकमध्ये ‘तापेइनोसिस’ असे म्हटले आहे. त्याचा रोख हीन, दुर्लक्षित अवस्थेकडे आहे. लॅटिनमधील ‘हुमिलितास’ या शब्दात दैन्य आणि नम्रता असे दोन्ही अर्थ मावत होते. त्यांतील नम्रता आपण उचलली आणि दैन्य टाकून दिले. प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘दैन्यावस्था’ हा नेमका शब्द असताना आपल्या कितीतरी मरियागीतांतून नम्रता, कोमलता, शालीनता यांचीच आरास मांडलेली दिसते. नम्रता हा सद्गुण आहे, तो शिकविता येतो. विशेषतः सुनांना आणि मोलकरणींना! दैन्य हा अन्याय आहे, त्याचा जाब द्यावा लागतो. पहिला अर्थ आपल्याला का आवडला, हे निराळे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. हा आध्यात्मिक अर्थाचा विपर्यास आहे, स्तोत्राला राजकारणात ओढू नये, असे सांगण्यात येते. आक्षेप घेणाऱ्यांनी पोप पॉल सहावे यांचे १९७४ सालचे ‘मरियालिस कुल्तुस’ हे पत्र वाचावे. मरिया ही निमूटपणे सारे सोसणारी स्त्री नव्हती, दीनदुबळ्यांचा कैवार घेणारा आणि बलवंतांना सिंहासनावरून खाली खेचणारा देव तिने निःशंकपणे घोषित केला, असा त्यातील आशय आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या ‘रेदेम्प्तोरिस मातेर’मध्ये ख्रिस्तसभेच्या गरिबांविषयीच्या अग्रक्रमाचा संबंध याच स्तोत्राशी जोडला आहे. तेव्हा विपर्यास कोण करीत आहे, हे वाचकांनीच ठरवावे. मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन त्या स्तोत्रातील देवच वगळणारे आणि त्याची नुसती घोषणा करणारेही आम्हांला मान्य नाहीत. मरियेचा आनंद आणि मरियेचा संताप एकाच गीतात आहेत. त्यांची ताटातूट करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अर्थावाचून गाण्याने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. संत चोखामेळ्यांचे अभंग शतकानुशतके कीर्तनांतून गायिले गेले, टाळ-मृदंगाच्या गजरात माना डोलल्या. त्या अभंगांत देवळाबाहेर उभ्या केलेल्या माणसाचे दुःख होते. चोखोबांचा मृत्यू १३३८ सालचा मानला जातो. आणि त्यांच्या बांधवांसाठी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यानंतर! सहाशे वर्षे अभंग आत जात होते आणि अभंगकर्त्याचे बांधव बाहेर उभे होते. हे परक्याच्या घरचे उदाहरण म्हणून कोणी ऐकू नये. एकाच बाप्तिस्म्याने एक झालेली माणसे सोयरीक ठरविताना आजही जात विचारतात, आणि तीच माणसे आपण सारे एक असल्याची गीते एका सुरात गातात.

नाताळातील ‘ओ होली नाइट’ घ्या. मूळ फ्रेंच काव्य प्लासीद काप्पो या मद्यव्यापाऱ्याचे, संगीत आडॉल्फ आदाम यांचे. काळ १८४७ चा. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी संपली ती त्यानंतर, १८४८ साली. १८५५ मध्ये जॉन सलिव्हन ड्वाइट यांनी ते इंग्रजीत आणले, तेव्हा अमेरिकेत माणसांचा लिलाव राजरोस चालू होता. तिसऱ्या कडव्यात तारणारा येऊन बेड्या तोडतो आणि गुलामाला भाऊ ठरवितो. त्या काळी हे शब्द उच्चारण्याला धैर्य लागत होते. आज अनेक गायनवृंद पहिले कडवे गाऊन, वरचा स्वर लावून, टाळ्या घेऊन थांबतात. भाऊ ठरलेला गुलाम तिसऱ्या कडव्यातच राहतो!

आता पुन्हा मांडवाकडे वळू. चित्रपटगीत म्हणजे वाईट आणि भक्तिगीत म्हणजे पवित्र, ही वाटणी आम्हांला मान्य नाही. ‘प्यासा’ या १९५७ च्या चित्रपटात साहिर लुधियानवी यांनी देहविक्रयाच्या गल्लीतील स्त्रियांची दुर्दशा मांडून देशाचा अभिमान मिरविणाऱ्यांना जाब विचारला. ते गीत मरियेच्या स्तोत्राला आपल्या पुष्कळ गुळमट भक्तिगीतांपेक्षा अधिक जवळचे आहे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. गीत कोठे वाजते यावरून त्याची परीक्षा होत नाही. ते माणसाला माणूस म्हणून पाहते की नाही, आणि त्यात कोणाचा आवाज आहे व कोणाचा गाळलेला आहे, हे पाहूनच ती व्हावी. ही कसोटी तरुणांच्या गाण्यांना लावावयाची असेल, तर प्रथम आपल्या गाण्यांना लावा.

याला मोठा खटाटोप लागत नाही. गायनवृंदाने नवे गीत बसविण्यापूर्वी त्याचे शब्द एकदा चालीवाचून, गद्यासारखे मोठ्याने वाचावेत. जे वाचताना पोकळ वाटेल, ते गाऊ नये. कडवी गाळावयाची असतील तर कोणती गाळतो आणि का, याचा विचार व्हावा. गीतगायन स्पर्धांत स्वर आणि ताल यांच्याबरोबर शब्दांनाही गुण असावेत. नव्या गीतकारांनी ‘माउली-साउली’, ‘चरणी-शरणी’ अशी आयती यमके जुळविण्यापूर्वी आपल्या गावातील भुकेले कोण आणि आसनावर बसलेले कोण, हे डोळे उघडून पाहावे.

आणि घरोघरच्या आईवडिलांनी एक करावे. रोझरी संपल्यावर एखाद्या संध्याकाळी ल्यूकचा तो उतारा मुलांपुढे सावकाश वाचावा. रित्या हाती परत गेलेले श्रीमंत कोण, असे मुले विचारतील. आपल्या वाडीत रोजावर राबणाऱ्या आदिवासी बाईची मजुरी या आठवड्यात दिली गेली आहे की नाही, हे ध्यानात ठेवूनच त्यांना उत्तर द्यावे लागेल.